प्रसंगकथेतील माणूस

जॉन कॅरल यांचा 'मेकिंग यूज' हा ग्रंथ 2000 साली प्रसिद्ध झाला. संगणकाचे कोणतेही साधन घडविण्यापूर्वी ते वापरणाऱ्या माणसाची लहानशी कथा लिहावी, असे त्यात प्रतिपादन आहे. स्थळ, पात्र, पात्राचा हेतू आणि घटनाक्रम ही या प्रसंगकथेची अंगे होत. साहित्याच्या अभ्यासकास ती अपरिचित नाहीत. म्हणून या पद्धतीची परीक्षा साहित्याच्या कसोटीवर करणे अनुचित ठरू नये.

दाखला आपल्याकडचाच घेऊ. सातबारावर पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीने ते काम राज्यभर शेतकऱ्याकडे सोपविले. याची प्रसंगकथा सहज लिहिता येते : शेतकरी शेतात जातो, मोबाईलवर पीक व क्षेत्र भरतो, छायाचित्र घेतो, नोंद होते. कथा सुबक आहे; परंतु तीत विरोध नाही, आणि म्हणून माणूसही नाही. तीतील शेतकरी रचनाकाराच्या इच्छेनुसार चालणारे बाहुले आहे.

आता पैठण तालुक्यातील एका विधवेची कल्पना करावी. सातबारा तिच्या नावे, मोबाईल मुलाजवळ, आणि मुलगा वाळूजच्या कारखान्यात पाळीवर. छायाचित्र तर शेतातूनच घ्यावयाचे. मुलगा गावी आला तर त्याचा खाडा होतो. न आला तर मुदत टळते, आणि पुढे नुकसानभरपाईच्या वेळी नोंदीवाचून अडते. खातेदार, मोबाईलधारक आणि शेतात उभा असलेला माणूस या तीन भिन्न व्यक्ती असू शकतात, हे या कथेमुळे कळते. पहिलीमुळे कळत नाही.

एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय या योजनेत आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. शेजाऱ्याच्या मोबाईलने या स्त्रीचे काम होऊ शकते. अशी सोय सुबक कथेतून सुचणारी नव्हे.

रचनेच्या प्रत्येक अंगाचे इष्ट व अनिष्ट परिणाम मांडावेत, असे कॅरल यांनीही सांगितले आहे. परंतु अनिष्ट काय, हे ठरविणाराही बहुधा रचनाकारच असतो. येथे ही पद्धती अपुरी वाटते. ज्याची कथा लिहिली, त्यास ती वाचून दाखवावी आणि 'असे घडत नाही' असे म्हणण्याचा अधिकार त्यास द्यावा. हे पथ्य पाळले, तरच प्रसंगकथा रचनेच्या उपयोगी पडेल. एरव्ही ती आधीच घेतलेल्या निर्णयाचे समर्थन होऊन बसेल.