बंदिस्त सूची, लवचिक शब्द : अनुच्छेद १९(२) मधील ‘सभ्यता’

भारतीय संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील दुसरा खंड हा प्रायः विधिशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय मानला जातो. वस्तुतः भाषेच्या अभ्यासकाचाही त्यावर तितकाच अधिकार आहे. कारण बोलण्याला मर्यादा घालणारा हा खंड स्वतः शब्दांचाच बनलेला असून त्या शब्दांच्या अर्थावर नागरिकाचे स्वातंत्र्य अवलंबून आहे. वाजवी निर्बंध घालण्याची आठ कारणे त्यात नमूद आहेत : भारताचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अथवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधास चिथावणी. यांतील सुव्यवस्था, परराष्ट्रसंबंध व चिथावणी ही कारणे, तसेच ‘वाजवी’ हे विशेषण, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. सार्वभौमत्व व एकात्मता यांची भर १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने पडली. सूची वाढली ती संसदेत उघड चर्चा होऊन वाढली, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ही सूची बंदिस्त आहे, हा सिद्धान्त एका मराठी वृत्तपत्राच्या दाव्यातून दृढ झाला. १९५६ चा कायदा व त्याखालील १९६० चा आदेश यांनी दैनिकांची पृष्ठसंख्या व किंमत यांचे परस्पर प्रमाण ठरवून दिले होते. लहान वृत्तपत्रांना विषम स्पर्धेपासून संरक्षण मिळावे, असा सरकारचा युक्तिवाद होता. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्यास आव्हान दिले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा व आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरविले. सर्वसाधारण लोकहिताच्या कारणाने व्यापारावर निर्बंध घालता येतील, भाषणावर नव्हे. भाषणावरील निर्बंधाला दुसऱ्या खंडातील एखाद्या कारणाचाच आधार हवा, असे न्यायालयाने सांगितले. ३ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही कारणे परिपूर्ण असून त्यांत नव्याने भर घालता येणार नाही, याचा पुनरुच्चार केला.

तथापि सूची बंद केल्याने तीमधील शब्द बंद होत नाहीत. या आठ कारणांत दोन भिन्न जातींची नामे एकत्र आली आहेत. अवमान, बदनामी व चिथावणी ही वाग्व्यापारांची नावे होत. कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी, काय म्हटले हे तपासले की तो व्यापार घडला किंवा नाही हे ठरविता येते. मत मांडणे, मताचा पुरस्कार करणे व चिथावणी देणे यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द करताना याच रीतीने स्पष्ट केला. उलटपक्षी ‘सभ्यता’ हे कोणत्याही वाग्व्यापाराचे नाव नाही. समाजाने उक्तीवर आरोपित केलेल्या गुणाचे ते नाव आहे. त्याची कड उक्तीत सापडत नाही, ती बाहेरून आणावी लागते.

ही कड कोठून आणली गेली याचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या विक्रीबद्दलची शिक्षा कायम करताना न्यायालयाने १८६८ सालची इंग्लिश कसोटी स्वीकारली : वाईट प्रभावास बळी पडण्याजोग्या मनांना हा मजकूर भ्रष्ट करील काय? पुढे १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेसंबंधी १९६९ मध्ये निर्णय देताना न्यायालयाने लेखकाची शिक्षा रद्द केली. कृती समग्रतेने पाहावी व अश्लीलतेची कल्पना समकालीन समाजाच्या नीतिमानांप्रमाणे बदलते, हे त्यावेळी मान्य झाले. २०१४ मध्ये जुनी इंग्लिश कसोटी सोडून ‘समकालीन समाजमाना’ची कसोटी प्रस्थापित झाली. पन्नास वर्षांची ही वाटचाल सुट्या शब्दाकडून समग्र उक्तीकडे झालेली आहे.

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरील १४ मे २०१५ च्या निर्णयाने ही दिशा बदलली. ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात आली आणि त्यावरून दंडसंहितेच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला. क्षमायाचना केलेल्या प्रकाशकावरील आरोप न्यायालयाने रद्द केला. कवीने मात्र खटल्यास सामोरे जावे, असे ठरविले. इतिहासात आदरास पात्र ठरलेल्या व्यक्तीचे नाव प्रतीक म्हणून घेऊन तिच्या मुखी अश्लील शब्द घातल्यास समाजमानाची कसोटी अधिक तीव्रतेने लागू होते, असा या निर्णयाचा आशय आहे.

न्यायालयाची बाजू दुर्बळ नाही. गांधीजींच्या विचारांवर टीका करण्यास त्याने मनाई केलेली नाही. कविता अश्लील आहे असा अंतिम निवाडाही दिलेला नाही. ‘समाजमान’ म्हटले की समाजाच्या श्रद्धास्थानांचा विचार त्यात आलाच, असेही कोणी म्हणू शकेल. परंतु येथे दोन आक्षेप उरतात.

पहिला आक्षेप पदासंबंधी आहे. ‘आदरणीय’ या कृदन्तात कर्ता लुप्त असतो. आदर कोणी करावयाचा, किती जणांनी केला म्हणजे तो इतिहासाचा आदर होतो, हे ते पद सांगत नाही. ज्या पदाचा कर्ता अनुक्त आहे, ते दंडविधानाची कसोटी झाले म्हणजे तो कर्ता पुरविण्याचे काम तक्रार करणाराकडे जाते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. अश्लीलतेचा कायदा वाचकाच्या मनाचे रक्षण करण्यासाठी आहे. व्यक्तीच्या लौकिकाचे रक्षण बदनामीचा कायदा करतो. मृत व्यक्तीची बदनामी हीही दंडसंहितेच्या कलम ४९९ च्या पहिल्या स्पष्टीकरणात विचारात घेतलेली होती. मात्र तेथे ते आरोपण व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकास बाधक ठरले असते व त्यामागे निकटच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा उद्देश होता, अशा दोन अटी होत्या. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. ‘आदरणीय व्यक्ती’ ही कल्पना सभ्यतेच्या दालनात आली तेव्हा या दोन्ही अटी दाराबाहेरच राहिल्या. कवितेत बोलणारा ‘गांधी’ हा ऐतिहासिक पुरुष की कवीने निर्मिलेला वक्ता, हा प्रश्न विवक्षेचा असून तो सोडविल्यावाचून शब्द कोणाचे, हेच ठरत नाही. निर्णयात मात्र नाम प्रतीकरूप आहे हीच गोष्ट सूट देण्याऐवजी दोष वाढविणारी ठरली. व्यंजनेचे साधन अपराधाचे प्रमाण झाले.

यावरून निष्पन्न होते ते असे की, १९६१ व २०२३ च्या निर्णयांनी सूचीच्या संख्येस पहारा बसविला, परंतु सूचीतील पदांच्या अर्थविस्तारास तो पुरेसा नाही. नववे कारण संसदेला आणावयाचे असते तर दुरुस्ती, चर्चा व मतदान यांतून जावे लागले असते. आठांपैकी एकाच्या अर्थात ते सामावले गेले तेव्हा यांतील काहीच घडले नाही. म्हणून ‘वाजवी’ या विशेषणाचा अन्वय केवळ निर्बंधाच्या मात्रेशी न लावता, निर्बंधाच्या कारणाला दिलेल्या अर्थाशीही लावला पाहिजे. कवितेतील शब्द मोजणाराने आधी स्वतःच्या मापाचा शब्द मोजावा, एवढी अपेक्षा तरी भाषेच्या अभ्यासकाने न्यायसंस्थेकडून करणे गैर नाही.