'नगण्य' म्हणजे नक्की किती?

दोघं जवळ आले, कपडे उतरले, काही सेकंद बाहेरून घर्षण झालं, प्रवेश झाला नाही. आता एचआयव्हीचा धोका किती? ज्याची झोप उडालीये त्याला आकडा हवा असतो. आकडा शोधत गेलात की बहुतेक वेळा पटेल आणि सहकाऱ्यांच्या तक्त्यावर येऊन पोचता. 'एड्स' या नियतकालिकात २०१४ मध्ये आलेला हा आढावा आहे.

तक्ता कामाचा आहे, यात वाद नाही. बाधित व्यक्तीशी आलेल्या दर १०,००० संपर्कांमागे किती जणांना लागण होते ते त्यात दिलंय. बाधित रक्त चढवल्यास ९,२५०, गुदसंभोगात स्वीकारणाऱ्याला १३८, योनिसंभोगात स्त्रीला ८, पुरुषाला ४. मुखमैथुनासमोर 'कमी'. याच आकड्यांवर बेतलेल्या तक्त्यांत चावणं, थुंकणं, लैंगिक खेळणी वाटून वापरणं यांसमोर 'नगण्य'. आता आपली ओळ शोधा बघू. ती नाहीच.

मग माणूस काय करतो? शेजारची ओळ उसनी घेतो. "४ पेक्षा कमी असणार," म्हणतो. पण तो ४ प्रवेश झालेल्या संभोगाचा आहे, आणि जोडीदार बाधित आहे हे गृहीत धरून काढलेला. ही दुसरी अट तर सगळेच विसरतात. जोडीदाराची स्थिती माहीत नसेल, तर तो बाधित असण्याची शक्यताही हिशेबात यायला हवी. तो औषधं घेत असेल आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर ४ हा आकडाच लागू होत नाही.

'शून्य' दिसलं तरी थांबा. स्पेनमधला २००२ चा एक अभ्यास घ्या. बाधित जोडीदार असलेली १३५ माणसं, १९,००० हून जास्त असुरक्षित मुखमैथुनं, लागण एकालाही नाही. शून्य घटना असल्या की ३ भागिले एकूण संख्या ही साधारण ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा. म्हणजे इथे दर १०,००० मागे सुमारे १.६. छान वाटतं, पण हा नियम प्रत्येक वेळ स्वतंत्र मानतो. इथे तीच १३५ माणसं पुन्हा पुन्हा मोजली गेलीत. एखाद्याच्या जोडीदारात विषाणू कमी असेल, तर त्याच्या शेकडो वेळा आपल्याला फारसं काही शिकवत नाहीत.

माझी खरी तक्रार मात्र 'नगण्य' या शब्दाशी आहे. थुंकण्यातून लागण होत नाही, कारण लाळेतून हा विषाणू पसरत नाही. वाटून वापरलेल्या खेळण्यावरून स्राव श्लेष्मल त्वचेपर्यंत पोचू शकतो, फक्त नोंदी फार तुटपुंज्या आहेत. 'मार्गच नाही' आणि 'मार्ग आहे, पुरावा कमी' या दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्यात.

आपल्या प्रश्नालाही हीच फोड लावा. अखंड त्वचेवर त्वचा घासली, तर मार्गच नाही. तिथे "धोका नाही" असं सरळ सांगावं, "जवळपास नाही" म्हणून कुणाला आणखी तीन महिने टांगून ठेवू नये. वीर्य योनिमुखावर किंवा गुदद्वारावर पडलं असेल, तर मार्ग आहे, आकडा नाही. अशा वेळी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना प्रतिबंधक औषधांबद्दल विचारायचं. तक्त्यात ही ओळ नाही, म्हणून वाट बघत बसायचं नाही.