प्रतिकृतीचे वैभव आणि संहितेचे मौन

किमया, फलज्योतिष आणि मंत्रविद्या या विषयांवरील युरोपीय सचित्र हस्तलिखितांच्या प्रतिकृती-आवृत्त्या हा गेल्या काही दशकांत ग्रंथनिर्मितीचा एक स्वतंत्र प्रकार बनला आहे. मूळ पोथीचा आकार, पानांचा पिवळेपणा, सोन्याचा मुलामा, कडांची झीज, इतकेच नव्हे तर कसरीने पाडलेली छिद्रेही जशीच्या तशी उतरवणे हे या आवृत्त्यांचे ध्येय असते. चामड्याची बांधणी, मर्यादित प्रती आणि सोबत एक भाष्यखंड अशी त्यांची ठरलेली रचना असते. त्यांच्या देखणेपणाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो अशी आवृत्ती संहितेच्या ज्ञानात नेमकी कोणती भर घालते, हा.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ‘स्प्लेंडर सोलिस’ म्हणजे ‘सूर्याचे तेज’ या जर्मन भाषेतील किमयाग्रंथाचे उदाहरण घेता येईल. ब्रिटिश लायब्ररीच्या हार्ली संग्रहातील ३४६९ क्रमांकाची, १५८२ सालची चर्मपत्रावरील प्रत ही या ग्रंथाची सर्वांत प्रसिद्ध प्रत होय. बार्सिलोना येथील मोलेइरो या प्रकाशनसंस्थेने तिची प्रतिकृती काढली. प्रतींची संख्या ९८७, प्रत्येक प्रत क्रमांकित आणि नोटरीच्या दाखल्याने प्रमाणित. आपल्या अशा निर्मितीला ही संस्था ‘जवळजवळ मूळच’ या अर्थाची संज्ञा वापरते.

या आवृत्तीचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. ग्रंथातील २२ चित्रे ही संहितेची सजावट नसून तिचे अर्धे अंग आहेत. बुडणारा राजा, चिखलातून वर येणारा काळा पुरुष, एकाच देहातील स्त्री व पुरुष ही चित्रे धातूच्या नाशाची आणि पुनर्जन्माची भाषा बोलतात. मध्यावरील सात चित्रांत सात काचपात्रे आहेत. प्रत्येकावर एका ग्रहदेवतेचे आधिपत्य असून भोवती त्या ग्रहाच्या प्रभावाखाली जन्मलेल्या माणसांचे व्यवहार रंगवलेले आहेत. शुक्राच्या पात्रात पिसारा फुलवलेला मोर आहे आणि भोवती गायन, नृत्य, मेजवानी चालू आहे. किमयेत द्रव्याचे रंगांतर हीच सिद्धीची खूण असल्यामुळे या मोराचे रंग हा येथे अर्थाचाच भाग ठरतो. कृष्णधवल छपाईत नाहीशी होणारी ही गोष्ट प्रतिकृती परत मिळवून देते. पात्र आणि भोवतीचा संसार यांचे प्रमाण, चौकटीतील फुले व कीटक, मजकुराच्या पानासमोर चित्राचे पान येण्याचा क्रम हेही ग्रंथ हातात घेऊनच कळते. जालावरील एकेकट्या प्रतिमेत हा अनुभव विखुरतो. शिवाय संगणकीय प्रतिमाही चिरंतन नव्हेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिची अंकीय हस्तलिखिते कित्येक महिने अभ्यासकांना पाहता आली नाहीत. मुद्रित प्रतिकृतीचे मोल अशा वेळी लक्षात येते.

आक्षेप सुरू होतो तो ‘मूळ’ या शब्दापाशी. हार्ली प्रत ही स्वतःच एक नक्कल आहे. या ग्रंथाची ज्ञात असलेली सर्वांत जुनी सचित्र प्रत बर्लिन येथे असून ती १५३२ ते १५३५ या काळातील, म्हणजे सुमारे अर्धशतक आधीची मानली जाते. न्यूरेंबर्ग, पॅरिस येथेही इतर प्रती आहेत. १५९८ मध्ये हा ग्रंथ ‘ऑरेउम व्हेल्लुस’ या मुद्रित संग्रहात काष्ठचित्रांसह प्रसिद्ध झाला आणि सॉलोमन ट्रिस्मोसिन या दंतकथेतील किमयागाराच्या नावाशी जोडला गेला. नकलेगणिक बदलत राहिलेली ही प्रवाही परंपरा आहे. प्रतिकृती त्यातील एक क्षण निवडते आणि त्याला अढळ करते. पाठचिकित्सेच्या शिस्तीत वाढलेल्या अभ्यासकाला ही उणीव जाणवल्यावाचून राहत नाही, कारण त्याच्या दृष्टीने एक प्रत म्हणजे एक साक्षीदार. संपूर्ण साक्ष नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयातील ‘व्हॉयनिच हस्तलिखित’ अज्ञात लिपीत असून आजवर ते सर्वमान्य रीतीने वाचले गेलेले नाही. कार्बन-कालमापनानुसार त्याचे चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळातील आहे. स्पेनमधील बुर्गोस येथील सिलोए या प्रकाशनाने २०१६ मध्ये त्याच्या ८९८ प्रतींची प्रतिकृती जाहीर केली. किंमत सात ते आठ हजार युरोंच्या घरात. त्याच वर्षी येल विद्यापीठाने रेमंड क्लेमेन्स यांनी संपादिलेली, अभ्यासलेखांसह असलेली आवृत्ती ५० डॉलरना उपलब्ध केली. दोन्हींत चित्रे तीच, न वाचता येणारी अक्षरेही तीच. पहिलीत डाग आणि शिवलेले चर्मपत्र अधिक हुबेहूब आहे. दुसरीत शाई, चर्मपत्र आणि मालकीचा इतिहास यांविषयीचे ज्ञान वाचकाच्या आवाक्यात येते. गूढविद्येचे ग्रंथ पूर्वी संकेतभाषेने झाकले जात. आज ती भाषा उकलण्याचे काम चालू असतानाच किंमत आणि मर्यादित संख्या यांचा नवा पडदा उभा राहतो. अनधिकाऱ्यापासून विद्या राखण्याची जुनी प्रतिज्ञा बाजाराने आपल्या पद्धतीने पाळली, असेच म्हणावे लागते.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके राखले. ते गूढविद्येचे ग्रंथ नव्हेत, परंतु लिपीने झाकलेले ग्रंथ निश्चितच होत. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृती संशोधकांच्या हाती लिपीची किल्ली आली, तेव्हा मराठीच्या आद्य गद्याचे दालन उघडले. त्या पोथ्यांच्या केवळ सुंदर प्रतिकृती निघाल्या असत्या, तर ‘लीळाचरित्र’ कपाटातील एक शोभिवंत वस्तू होऊन राहिले असते.

हा विचार दख्खनच्या संदर्भात तातडीचा आहे. विजापूरच्या आदिलशाहीत १५७० मध्ये सिद्ध झालेला ‘नुजूम-उल्-उलूम’ हा फार्सी ग्रंथ आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. फलज्योतिष, तिलिस्म आणि भारतीय शक्तिदेवता त्यात शेकडो चित्रांसह एकत्र आल्या आहेत. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्या काळी याच सत्तेखाली होता. या ग्रंथाची किंवा त्याच्या जातीच्या अन्य पोथ्यांची प्रतिकृती काढायची झाल्यास तीत लिप्यंतर, अनुवाद, अन्य प्रतींतील पाठभेद आणि चित्रांच्या पूर्वपरंपरेचे विवेचन असावे, आणि तो भाष्यखंड ग्रंथालयांना परवडेल अशा किमतीत स्वतंत्रपणे मिळावा. बांधणीचे चामडे नंतर ठरवता येईल. हस्तलिखितांच्या अंकीकरणाचे उपक्रम आपल्याकडे वाढत असताना प्रतिमा मिळवणे सोपे होत जाईल. ती वाचू शकणारी माणसे तयार करणे मात्र अवघडच राहील. म्हणून प्रतिकृतीचे मूल्यमापन तिने डाग किती निष्ठेने उतरवले यावर न करता, तिच्यामुळे किती अक्षरे वाचनीय झाली यावर करणे युक्त ठरेल.