'डेड मेन्स पाथ' : मृतांची वाट आणि शाळेचे कुंपण

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांची ही लघुकथा १९५३ सालची. मिशनच्या शाळेचे नवे, उत्साही मुख्याध्यापक मायकेल ओबी आवार सुशोभित करतात आणि त्यातून दफनभूमीकडे जाणारी गावाची जुनी वाट काटेरी तारेने बंद करतात. पूर्वज याच वाटेने जातात, जन्मणारी बालकेही याच वाटेने येतात, असे वृद्ध पुरोहित सांगतो. ओबी हसतात. दोन दिवसांनी एक स्त्री बाळंतपणात दगावते. दैवज्ञ पूर्वजांच्या शांतीसाठी बळी सांगतो. कुंपण उखडले जाते, शाळेची एक इमारतही पाडली जाते.

१९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातील वाचकाचा कौल प्रथम ओबींकडे झुकेल. श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहेच. परंतु ती लोकांनी स्वमुखाने उच्चारली. ओबींनी तार दुसऱ्यांच्या वाटेवर ओढली. हा भेद आम्हांस निर्णायक वाटतो. तिरोकुड्ड सुत्तातही पेत, म्हणजे परलोकवासी आप्त, भिंतीबाहेर व चव्हाट्यावर येऊन उभे राहतात. तेथे त्यांना कोणी हाकलीत नाही. शोकाने त्यांना काही लाभत नाही, संघाला दिलेले दान लाभते, असे सांगून जिवंतांचे आचरण तेवढे बदलले आहे.

अचेबे यांच्याविषयी आमची एक तक्रार आहे. जिच्या मृत्यूने कथा उलटते, तिला नाव नाही. तिला सुईण मिळाली की नाही, हे ना ओबी विचारतात, ना पुरोहित. गोऱ्या पर्यवेक्षकाचा जो अहवाल कथेत येतो, त्यात आवाराची दुर्दशा आहे, टोळीयुद्धाची भीती आहे, मुख्याध्यापकाचा अतिउत्साह आहे, ती नाही.