केलेल्याची किंमत : 'एक्स-मेन'मधली टिकून राहिलेली कथानके

साठ वर्षांहून अधिक काळ चालू असलेल्या मालिकेतली उत्तम कथानके निवडायची, तर कसोटी कोणती लावावी? चाहत्यांच्या आवडीच्या याद्यांत बहुधा लढाईचा आवाका, खलनायकाची ताकद किंवा एखाद्या पात्राचा धक्कादायक मृत्यू यांना मान मिळतो. 'एक्स-मेन' पुन्हा पुन्हा वाचताना मला दुसरीच कसोटी खरी वाटत आली आहे. कथेत जे घडले त्याची किंमत पात्रांना पुढेही मोजावी लागते का? जिथे लागते, तिथे ही मालिका कुठल्याही गंभीर कादंबरीच्या शेजारी बसू शकते. जिथे लागत नाही, तिथे रंगीत पाने तेवढी उरतात.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1963 मध्ये ही मालिका सुरू केली. जन्मतःच वेगळी शक्ती लाभलेल्या 'म्युटंट' तरुणांची ही गोष्ट. ज्या समाजाला ते वाचवतात, तोच समाज त्यांना घाबरतो. कल्पना दमदार होती, पण खप बेताचा होता. 1970 पासून जवळपास पाच वर्षे अंकांतून जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या. 1975 मध्ये लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉकरम यांनी स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस अशा निरनिराळ्या देशांतल्या पात्रांचा नवा संघ उभा केला आणि लेखन ख्रिस क्लेअरमाँट यांच्याकडे आले. पुढची सोळा वर्षे ते तिथेच राहिले. एका अंकात सहज टाकलेला धागा कित्येक अंकांनंतर उचलायचा, ही त्यांची पद्धत. या सलगतेमुळेच पात्रांना भूतकाळ मिळाला.

'डार्क फिनिक्स सागा' हे त्या पद्धतीचे शिखर आहे. मूळ संघातल्या जीन ग्रेला फिनिक्सची अफाट शक्ती मिळाली 1976 मध्ये. त्या शक्तीचा हिशेब झाला 1980 मध्ये. मधल्या काळात मास्टरमाइंड हा खलनायक तिच्या मनात भ्रम पेरत राहतो आणि सत्तेची चटक तिला हळूहळू लागते. अखेर ती एक तारा गिळते आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. जॉन बर्न यांचे रेखाटन आणि टेरी ऑस्टिन यांची काटेकोर शाई त्या ग्रहावरच्या रहिवाशांचे चेहरेही आपल्याला दाखवते, म्हणून तो आकडा अंगावर येतो. मुळात जीनची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचे ठरले होते. मुख्य संपादक जिम शूटर यांना ते पटले नाही. एवढ्या संहारानंतर इतक्यावर सुटका कशी, असा त्यांचा आक्षेप होता. मग 137 व्या अंकात जीन चंद्रावर, प्रियकर सायक्लॉप्सच्या डोळ्यांदेखत, स्वतःच मरण पत्करते. संपादकाच्या आग्रहातून आलेला हा शेवट कथेच्या आतूनच उगवल्यासारखा वाटतो, कारण तो अपराध आणि प्रेम या दोन्हींना न्याय देतो.

म्हणूनच 1986 मधले तिचे पुनरागमन मला आजही खटकते. खरी जीन समुद्रतळाशी एका कोशात सुरक्षित होती आणि संहार केला तो तिचे रूप घेतलेल्या शक्तीने, असा खुलासा आला. एका फटक्यात तिचा अपराधही गेला आणि तिचा त्यागही. तिच्या ओढीने सायक्लॉप्स बायको-मुलाला सोडून निघाला, तेव्हा त्याच्या वागण्याचे ओझे हलके करण्यासाठी पुढे त्या बायकोलाच, मॅडेलिनला, जीनची प्रतिकृती आणि खलनायिका ठरवण्यात आले. एक किंमत बुडवली की दुसऱ्या कुणाला तरी ती भरावी लागते.

'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' हे 1981 च्या सुरुवातीचे अवघ्या दोन अंकांचे कथानक. सेंटिनेल यंत्रमानवांनी म्युटंटांना छावण्यांत कोंडलेले 2013 साल, आणि तिथून किटी प्राइडचे प्रौढ मन मागे, तिच्या किशोरवयीन शरीरात येते. म्युटंटविरोधी सिनेटर केली यांची हत्या टळली तर ते भविष्य टळेल, ही आशा. हत्या टळते. पण शेवटच्या पानांवर सरकार गुपचूप नव्या सेंटिनेलांची तयारी सुरू करताना दिसते. भीतीवर पोसलेले राजकारण एका माणसाचा जीव वाचल्याने थांबत नाही, हे इतक्या थोड्या पानांत सांगणे ही मोठी कामगिरी आहे. 2014 च्या चित्रपटात किटीऐवजी वुल्व्हरिन भूतकाळात गेला. शाळकरी मुलीच्या खांद्यावर आलेले भविष्याचे ओझे त्यात हरवले.

क्लेअरमाँट आणि ब्रेंट अँडरसन यांची 1982 ची चित्रकादंबरी 'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स' दोन कृष्णवर्णीय म्युटंट मुलांच्या हत्येने सुरू होते. धर्मोपदेशक स्ट्रायकर भर सभेत नाइटक्रॉलरकडे बोट दाखवून याला माणूस म्हणायचे का, असे विचारतो आणि किटी त्याला सामोरी जाते. स्ट्रायकर तिच्यावर बंदूक रोखतो, तेव्हा त्याला थांबवतो एक साधा पोलीस. महाशक्तींच्या कथेतला निर्णायक क्षण सामान्य माणसाच्या विवेकावर सोपवण्यात लेखकाचा सगळा विश्वास दिसतो.

माझे सर्वांत आवडते कथानक मात्र 'लाइफडेथ', 1984 चा 186 वा अंक. स्टॉर्मची हवामानावरची सत्ता गेली आहे आणि फोर्ज या संशोधकाच्या घरात ती सावरते आहे. मारामारी जवळपास नाहीच. बॅरी विंडसर-स्मिथ यांच्या नाजूक रेषा तिचे रिकामेपण चौकटीचौकटीतून उलगडत नेतात. प्रेम उमलते, आणि जिने आपली शक्ती हिरावली ती बंदूक फोर्जनेच घडवली, हे तिला कळते. लेखकाने तिची शक्ती लगेच परत दिली नाही. पुढे 201 व्या अंकात शक्तीविनाच ती सायक्लॉप्सला हरवून नेतृत्व मिळवते. तो विजय आपल्याला पटतो, कारण मधला तोटा खरा होता.

1991 मध्ये क्लेअरमाँट आणि जिम ली यांच्या नव्या 'एक्स-मेन'चा पहिला अंक 80 लाखांवर प्रतींनी विकला गेला, आणि त्याच वर्षी क्लेअरमाँट मालिकेबाहेर पडले. त्यानंतर अनेक मालिकांत पसरलेल्या मोठमोठ्या कथानकांचा सपाटा लागला. मृत्यू आणि पुनरागमन ही विक्रीची सोय झाली. ग्रँट मॉरिसन यांनी 2001 मध्ये जेनोशा या म्युटंट राष्ट्रातल्या एक कोटी साठ लाख म्युटंटांचा संहार दाखवून नवी सुरुवात केली खरी, पण इतक्या मोठ्या दुःखाला पुरेशी पाने पुढच्या काळात मिळाली नाहीत.

जोनाथन हिकमन यांनी 2019 मध्ये 'हाउस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स' या जोड मालिकांत मृत्यू आणि पुनरागमनाचा पेच थेट हाताळला. क्राकोआ बेटावर म्युटंटांचे राष्ट्र उभे राहते आणि पाच जण मिळून मेलेल्यांना परत आणतात. वाचकांना ठाऊक असलेली पळवाट इथे एका समाजाचा विधी बनली. मरण संपलेल्या राष्ट्रात धाडस म्हणजे काय, निष्ठा कशावर उभी राहते, हे प्रश्न त्यातून निघाले. सगळ्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तरी या शतकातला मालिकेचा हा सर्वांत विचारी काळ होता. 2024 मध्ये तो आवरला गेला आणि पथके पुन्हा ओळखीच्या रचनेकडे वळली.

आज चित्रकलेचा दर्जा उत्तम आहे, लेखकही कसलेले आहेत. कमतरता आहे ती सलग काळाची. मालिका वारंवार पहिल्या अंकापासून सुरू होते, लेखक लवकर बदलतात आणि पेरलेले उगवायच्या आत नांगर फिरतो. एका लेखकाला दहा वर्षे द्या आणि त्याने घडवलेला तोटा पुढच्याने पुसू नये एवढी शिस्त पाळा. स्टॉर्मच्या तोडीचे कथानक आजही लिहून होईल. नव्या वाचकाने 'लाइफडेथ'पासून सुरुवात करावी. सुपरहिरोच्या कथेला शक्तीशिवायही किती सांगता येते, हे त्याला पहिल्याच अंकात कळेल.