करुणाचे आलंबन : बेनी पारेतचा मृत्यू आणि साहित्य

अपमृत्यूविषयीच्या साहित्याचा विचार करताना संस्कृत काव्यशास्त्रातील एक जुना भेद आजही उपयोगी पडतो. करुणरसात जिच्यासाठी शोक करावयाचा ती व्यक्ती आलंबन विभाव; तिच्या अंत्यसंस्कारादी गोष्टी उद्दीपन. आलंबनाची जागा दुसऱ्याच कोणी घेतली आणि मृत व्यक्ती उद्दीपनापुरती उरली, तर रचना कितीही प्रभावी असली तरी तिच्यातील शोक मृतासाठी राहत नाही. बेनी ‘किड’ पारेत या तरुण मुष्टियोद्ध्याच्या मृत्यूवरील लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

क्यूबातील सांता क्लारा येथे १९३७ साली जन्मलेला आणि उसाच्या मळ्यांत राबलेला पारेत १९६० साली वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथशी त्याची तिसरी लढत झाली. वजनाच्या वेळी पारेतने ग्रिफिथच्या लैंगिकतेवर घाव घालणारा स्पॅनिश शब्द उच्चारला होता. बाराव्या फेरीत कोपऱ्यात अडकलेल्या पारेतवर ठोशांचा वर्षाव झाला; तो शुद्धीवर आलाच नाही. ३ एप्रिलला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

नॉर्मन कझिन्स यांच्या निबंधाचे शीर्षकच ‘पारेतला कोणी मारले?’ असे आहे. पंच वा वैद्य यांच्यावर दोष ढकलण्याची सोय ते नाकारतात आणि रक्तपातासाठी पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकवृत्तीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. हा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या खणखणीत आहे. परंतु त्यात पारेत एक पुरावा आहे. त्याच्या मेंदूला झालेली इजा वाचकाला कळते, त्याचे आयुष्य कळत नाही.

त्या रात्री रिंगजवळ उपस्थित असलेल्या नॉर्मन मेलर यांचे वर्णन याहून कितीतरी समर्थ. पारेत उभ्याउभ्या मरत गेला आणि त्या मरणाचा स्पर्श पाहणाऱ्यांनाही झाला, ही जाणीव मेलर विलक्षण ताकदीने पोहोचवतात. तरीही तो प्रसंग लिस्टन आणि पॅटरसन यांच्या लढतीवरील दीर्घ निबंधाचा एक भाग म्हणून येतो. मेलर यांना मृत्यूचे गूढ हवे आहे. मरणारा माणूस त्या गूढाचे निमित्त ठरतो.

टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या ‘चॅम्पियन’ या २०१३ मधील संगीतनाटकात (संहिता : मायकेल क्रिस्टोफर) पारेतला अखेर कंठ मिळतो. तथापि तो स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वृद्ध ग्रिफिथच्या मनात मिळतो. पारेत आणि त्याचा मुलगा या दोन्ही भूमिका एकाच गायकाकडे सोपविण्याची योजना अर्थपूर्ण आहे; परंतु त्या दोघांकडून अपेक्षित आहे ती क्षमा, आणि क्षमेची गरज आहे ग्रिफिथला. शोकात्मिका म्हणून ही योजना समर्थनीयच आहे, कारण कृती, अपराध आणि जाणीव ही सारी सामग्री जिवंत राहिलेल्याजवळ असते. मृताजवळ केवळ तुटलेला आरंभ असतो.

पण तो आरंभ रिकामा नव्हता. मळ्यातून रिंगपर्यंतचा प्रवास, परक्या भाषेत घालवलेली वर्षे, डिसेंबर १९६१ मध्ये जीन फुलमरकडून झालेला दारुण पराभव आणि त्यानंतर साडेतीन महिन्यांतच पुन्हा रिंगमध्ये उतरणे यांत कादंबरीला पुरेल इतके द्रव्य आहे. त्या अवधीत दुखरे शरीर, संसार आणि व्यवहार यांचा हिशेब त्याने कसा मांडला असेल, हा प्रश्न ‘कोणी मारले?’ या प्रश्नापेक्षा कमी नैतिक नाही. दोषनिश्चितीचे काम न्यायालय, आयोग आणि वृत्तपत्रे यांनाही करता येते. कोण गेला, हे सांगण्याचे काम मात्र साहित्याने टाळले, तर ते दुसऱ्या कोणाकडून होत नाही.