घामाची भाषा आणि घामाचा हिशेब

भाषा निरपेक्ष असते असे आपल्याला शिकविले जाते. मी इंग्रजी शिकवितो. कष्टाविषयीचे वाक्प्रचार वर्गात आले की पाठ्यपुस्तक अर्थ सांगते, वाक्यात उपयोग करून दाखविते आणि पुढे जाते. ते कोणाच्या घामातून आले, हे विचारीत नाही.

'मध्यरात्रीचे तेल जाळणे' हा वाक्प्रचार घ्या. दिव्याजवळ पुस्तक आहे, अभ्यासकाला मान आहे. 'गुलामासारखे राबणे', 'नॅव्हीसारखे राबणे' येथे मात्र माणूसच उपमा झाला आहे. नॅव्ही म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडचे कालवे आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्ग खोदणारा मजूर. कालव्याला 'नॅव्हिगेशन' म्हणत, म्हणून तो 'नॅव्हिगेटर'. पुढे त्याचे नावही तुटून अर्धे राहिले.

'आज गुलामासारखा राबलो' असे पगारी साहेब म्हणतो. या उपमेत घाम उरला. बाजारात विकले जाणे आणि पाठीवरचे फटके गळून पडले. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली, ती मालकांना! राबणाऱ्यांना दमडी मिळाली नाही. उलट त्यांच्यापैकी बहुतेकांना 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत मालकाकडेच राबावे लागले. या भरपाईच्या कर्जाची फेड २०१५ साली पूर्ण झाली. वाक्प्रचाराला यातले काहीच आठवत नाही.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्यांच्या लेखी गुलाम हा अलंकार नव्हता, तो आरोप होता.

आपली मराठी तरी कुठे निर्दोष आहे? वेठ म्हणजे सक्तीचे, बिनमजुरीचे काम. गावकुसाबाहेरच्या पिढ्या त्यात खपल्या. आज कामगार संपावर गेले की त्यांनी जनतेला 'वेठीस धरले' असे वृत्तपत्रे छापतात. राबणाराच वेठ लादणारा ठरतो!

हे वाक्प्रचार पुसून टाका, असे माझे म्हणणे नाही. शब्द पुसले तर पुरावाच नाहीसा होईल. माझे शिक्षकांना आणि समीक्षकांना सांगणे एवढेच की अर्थाबरोबर हिशेबही शिकवा : राबला कोण, आणि मोबदला गेला कोणाच्या घरी?